संगीत संशयकल्लोळ: एका तसबिरीची करामत

गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक 1916 साली संगीत रूपात रंगभूमीवर आलं. मूळ बीज फ्रेंच नाटककार मोलिएरचं, पण देवलांनी ते इतकं आपलंसं केलं की परकेपणाचा वासही येत नाही. पात्रांची नावंच बघा: फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या. सगळी महिन्यांवरून नाहीतर नक्षत्रांवरून.

खरी गंमत तसबिरीच्या प्रवासात आहे. अश्विनशेठची प्रेयसी रेवती हिला चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याच्या बायकोला, कृत्तिकेला, दिसतं. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते. तिच्या हातात ती बघून फाल्गुनराव पेटतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाजवळ पाहून अश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो. प्रत्येकाला अर्धंच दिसतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याला अद्दल घडवायला निघतो.

म्हणूनच प्रयोगात तसबीर शेवटच्या रांगेपर्यंत दिसायला हवी. हातांची अदलाबदल घाईत उरकली की प्रेक्षकाचा धागा तुटतो आणि पुढचे हशे वाया जातात. फाल्गुनराव विदूषकी केला तरी नाटक पडतं. त्याला स्वतःचा संशय शंभर टक्के खरा वाटला पाहिजे.

पदांची काटछाट जपून करावी. ‘मृगनयना रसिक मोहिनी’ दरबारी रागात सावकाश फुलू द्यावं, पण एकामागून एक आलापी लांबली तर भांडणाची लय मोडते. संगीत नाटक पहिल्यांदाच बघणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.