बालकलाकार हवेत म्हणून भरून घेतलेला फॉर्म

‘मराठी जाहिरातीसाठी बालकलाकार हवेत, वय ५ ते १२’ असं काही इन्स्टाग्रामवर दिसलं, तर फॉर्म भरण्याआधी हे वाचा.

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या बहिणीने मुलीसाठी असाच फॉर्म भरला. नोंदणी फी फक्त ४९९ रुपये, म्हणजे संशय यावा इतकीही नाही. त्यांना खरी हवी होती ती माहिती. मुलीचं नाव, जन्मतारीख, शाळा, इयत्ता, तुकडी, स्कूल बसची वेळ, घरातलं लाडाचं नाव आणि ‘तातडीचा संपर्क’ म्हणून आजोबांचा नंबर. शिवाय परिचयाचा व्हिडिओ: शाळेच्या गणवेशात उभं राहून नाव-गाव सांगायचं आणि एक कविता म्हणायची. पोरीने घट्ट वेण्या घालून, आरशासमोर घोकून घोकून ती म्हटली.

पुढे कास्टिंगवाल्यांचा फोन लागेना. मग एका दुपारी लालबागला माझ्या वडिलांना फोन आला. “आजोबा, शाळेच्या ऑफिसातून बोलतोय. तुमची नात जिन्यावरून पडली, डोक्याला लागलंय. आईचा फोन लागत नाहीये, हॉस्पिटलात डिपॉझिट भरायचंय.” त्याने लाडाचं नाव घेतलं, तुकडी सांगितली. मागे कुणी लहान मूल रडत होतं. वडिलांनी शेजारच्या मुलाकडून १८ हजार पाठवले. आधी चौकशी करायला नको का, असं लोक सहज म्हणतात. पण नातीचं घरातलं नाव परक्याला ठाऊक असेल, हे कुणाच्या मनात येणार?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. पैसे अजून आलेले नाहीत. पण त्याहून जिवाला लागलं ते पुढचं. तोच कवितेचा व्हिडिओ एका यूट्यूब चॅनलवर सापडला, तसल्याच इतर मुलींच्या व्हिडिओंच्या रांगेत. खालच्या कमेंट इथे लिहिण्यासारख्या नाहीत. अल्पवयीन मुलाच्या वतीने पालकाला यूट्यूबकडे प्रायव्हसीची तक्रार करता येते. तशी केली, व्हिडिओ निघाला, आणि दुसऱ्याच नावाच्या चॅनलवर पुन्हा चढला.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांबाबतची बंधनं मोडली तर २०० कोटींपर्यंत दंड आहे. कायदा हवाच होता. पण या भामट्यांनी संमतीसुद्धा रीतसर घेतली होती: फॉर्मच्या तळाशी ‘मी पालक असून संमती देत आहे’ अशी चौकट, वर ओटीपी. खऱ्या कंपनीचा फॉर्म आणि यांचा, दिसायला एकच. म्हणून संमतीच्या खुणेकडे बघू नका, रकान्यांकडे बघा. जाहिरातीत काम द्यायला बसची वेळ आणि लाडाचं नाव कशाला लागतं?

कुणाबरोबर असं झालंच, तर पैसे गेल्या क्षणी १९३० लावा. आणि व्हिडिओ काढायला सांगण्याआधी त्याची लिंक, चॅनलचं नाव आणि कमेंटसकट स्क्रीनशॉट जपून ठेवा. चॅनल बंद झालं की पोलिसांना दाखवायला हातात काही राहत नाही.