पाण्यातली नळी आणि बसलेला आवाज: सहा महिन्यांच्या वापरानंतर

स्वरतंतूंवर गाठ नाही, सूज नाही, तरी सलग बोलून चौथ्या तासाला आवाज बसतो आणि गळा आवळल्यासारखा होतो. अशांना स्पीच थेरपिस्ट जी नळी देतात, तिच्याबद्दल हे. घोगरेपणा चार आठवड्यांत गेला नाही, तर आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या. त्याआधी नळी तोंडात धरू नका.

नळी सिलिकॉनची, ३५ सेंमी लांब, आतून ९ ते १२ मिमी. ती पाण्यात बुडवून फुंकत आवाज काढायच्या पद्धतीला लॅक्स वॉक्स म्हणतात. फिनलंडच्या स्पीच थेरपिस्ट मार्केटा सिह्वो यांनी ती रूढ केली. कोल्ड्रिंकच्या बारीक स्ट्रॉने सुरुवात नको. त्यातून हवा ढकलायला इतका जोर लागतो की जी मान सैल करायची, तीच ताठते.

अर्ध्या लिटरची पारदर्शक बाटली पाण्याने निम्म्याहून कमी भरायची. ती छातीशी धरायची, हनुवटी झुकवायची नाही. नळीचं एक टोक पाण्यात, दुसरं तोंडात. ती चावायची नाही, ओठ तिच्याभोवती नीट मिटायचे. आधी नुसती फुंकर, मग त्याच फुंकरीवर 'ऊ', पुढे तोच 'ऊ' खालून वर आणि वरून खाली. नळीतल्या हवेचा उलटा दाब स्वरतंतूंना किंचित विलग ठेवतो, त्यामुळे ते एकमेकांवर आपटत नाहीत. जमलं की ओठ आणि गाल झिणझिणतात, गळ्यात काहीच जाणवत नाही.

घोटाळा होतो तो खोलीत. टोक पाण्याखाली १ ते २ सेंमीच हवं. दहा सेंमी बुडवलं की मानेच्या शिरा फुगतात. तेवढी खोली स्वरतंतू नीट मिटत नाहीत अशांसाठी, तीही थेरपिस्टच्या देखरेखीत. बुडबुडे अडखळत आले तर श्वास एकसारखा सुटत नाहीये. नाक चिमटीत धरल्यावर आवाज बदलला तर हवा नाकातून गळतेय. चक्कर आली तर लगेच थांबा.

एकदम अर्धा तास करून फायदा नाही. दोन-तीन मिनिटं, दिवसातून सहा वेळा. शिक्षकांना दोन तासिकांच्या मध्ये सहज जमतं.

खरी कसोटी नळी काढल्यावर. पहिले काही दिवस मोकळेपणा दहा मिनिटंही टिकत नाही, आणि इथेच बरेचजण सोडून देतात. नळीनंतर लगेच 'म्म', मग 'मामी', मग 'माझी मामी मिरजेला', मग वर्गाची हजेरी, ही पायरी चुकवली तर आवाज फक्त बाटलीपुरता सुधारतो. आमची सांगली म्हणजे नाट्यपंढरी, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची हौस इथे लहानपणापासून लागते. आवाज गळा ताणून पोचवायची सवय मात्र मोडावीच लागते. बाजार समितीत हळदीचे सौदे पुकारणाऱ्यांनाही हेच लागू. घसा खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट गिळा. विश्रांती म्हणून कुजबुजू नका, त्यानेही गळा आवळतो.

पाणी दर वेळी ताजं घ्या. नळी रोज साबणाने धुऊन उभी टांगा. आत ओल राहिली की बुरशी धरते. काळसर ठिपका दिसला की नळी फेकून द्या.