स्लिप-ऑन सायलेन्सर, आठ महिन्यांनंतर: आवाज वाढला, सुरक्षिततेचं काय?

एका सिलिंडरच्या बाईकवर हा स्लिप-ऑन (मूळ पाईप तसाच ठेवून त्याच्या टोकाला बसवायचा सायलेन्सर) आठ महिने आणि 9,000 किलोमीटर वापरून झाला. असा सायलेन्सर घ्यायला निघालं की हमखास ऐकू येतं, "आवाज मोठा असला की गाडीवाल्यांना आपण कळतो." म्हणून आधी तेच.

सायलेन्सरचं तोंड मागे असतं आणि धोका बहुतेकदा पुढून येतो: चौकात आडवी वळणारी गाडी, गल्लीतून अचानक बाहेर येणारी गाडी. दुचाकी अपघातांवरच्या, अमेरिकेतल्या 1981 च्या हर्ट अहवालातही बहुतांश धोके दुचाकीच्या समोरूनच आलेले दिसतात. शिवाय हा आवाज खर्जातला. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन 6,000 आरपीएमला सेकंदाला 50 वेळा पेटतं, म्हणजे मूळ सूर 50 हर्ट्झ. एवढा खालचा सूर नेमका कुठून येतोय हे कानाला नीट उमगत नाही. रांगेतल्या गाड्यांमधून हळू जाताना शेजारच्याला चाहूल लागते, एवढा फायदा मात्र खरा. वळणाऱ्या गाडीसाठी हॉर्नच हवा. त्याचं तोंड पुढे असतं, सूर 400 हर्ट्झच्या आसपास असतो आणि तो हवा तेव्हाच वाजतो.

आता वस्तूबद्दल. वेल्डिंग स्वच्छ आहे, वजन कमी आहे, तक्रार नाही. डीबी किलर, म्हणजे आवाज कमी करण्यासाठी सायलेन्सरच्या तोंडात बसवलेली काढता येणारी नळी, एकाच ॲलन बोल्टवर बसतो आणि हीच कमकुवत जागा. एका सिलिंडरची थरथर त्याला सैल करते. आयडलला बारीक खडखड सुरू झाली की समजावं. साधं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) त्या उष्णतेत टिकत नाही. बोल्टच्या डोक्याला भोक पाडून लॉकवायर, म्हणजे बोल्ट फिरू न देणारी तार, बांधल्यावर मात्र खडखड पुन्हा आली नाही.

7,000 किलोमीटरला आवाज पत्र्यासारखा झाला. रिव्हेट ड्रिलने काढून पाहिलं तर आतल्या जाळीच्या नळीभोवतीचं ग्लासवुल (आवाज शोषणारी काचेच्या तंतूंची लोकर) काळं पडून पुढच्या बाजूला पार उडालेलं. नवं भरताना ते सैल राहिलं तर लवकर जळतं. घट्ट, सारखे थर द्यावेत. हातमोजे आणि मास्क घालूनच हे काम करावं.

थ्रॉटल सोडल्यावर फटफट वाढली तर, पाईप थंड असताना, पाईप आणि सायलेन्सरच्या जोडाशी बोटाने पुसून पाहा. काजळीचा ओघळ दिसला म्हणजे गास्केट गळतंय आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जातेय. नवं गास्केट टाकून क्लॅम्प मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, आणि पहिल्या 100 किलोमीटरनंतर, पाईप थंड झाल्यावर, परत एकदा तपासा.

खरी किंमत कान मोजतात. ताशी 100 किलोमीटरला हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाजच 95 ते 100 डेसिबलच्या घरात जातो. 85 डेसिबल आठ तास सोसता येतात, पण दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. 100 ला उरतात पंधरा मिनिटं. डीबी किलर काढला की त्यात सायलेन्सरची सततची घरघर मिसळते, दोन तासांत डोकं जड होतं आणि लक्ष उडायला लागतं. म्हणून तो आतच राहिला, आणि लांबच्या पल्ल्याला फोमचे इअरप्लग आले. प्लग बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. वाऱ्याचा गोंगाट उतरल्यावर सायरन आणि हॉर्न उलट जास्त स्पष्ट कळतात. वळल्यावर पुन्हा फुगत नाही तो प्लग टाकून द्यावा.