बेसा रोडच्या फॅब्रिकेटरकडून आयसीएफ भिंतीला वरचा मजला लावून घेतला, 5 पैकी 4 स्टार

आमच्या घराच्या भिंती विटांच्या नाहीत, आयसीएफच्या आहेत, म्हणजे दोन्हीकडून अडीच इंच थर्माकोल आणि मधात 6 इंच सळईचं काँक्रीट. मे महिन्यात इथं नागपुरात पारा 45 च्या वर जाते म्हणून मुद्दाम करून घेतल्या. पण हॉलमधे स्टीलचा मजला टाकायचं ठरलं तेव्हा काम अडलं. काँक्रीट भरतानाच बोल्ट सोडून ठेवायला पाहिजे होते, आधीच्या ठेकेदारानं सोडलेच नाही, आणि वरून मला म्हणे लांब स्क्रूनं चॅनेल, म्हणजे मजल्याचे बीम धरणारी भिंतीवरची लोखंडी पट्टी, थर्माकोलवरच कसून देतो, आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या पकडतात नं. अहो त्या पट्ट्या जिप्समची शीट धरायला ठीक आहेत, माणसं चालणारा मजला त्याच्यावर कसा सोडायचा! घरात लहान पोरं आहेत माझ्या.

मग हा फॅब्रिकेटर आला. भिंतीवर बोटानं दाबून म्हणाला, "भाऊ, हे वजन नाही घेत, मागचं काँक्रीट घेते." चॅनेलच्या उंचीएवढी थर्माकोलची पट्टी त्यानं पूर्ण कापून काढली, कोरं काँक्रीट दिसेपर्यंत, आणि चॅनेल थेट त्याला टेकवला. तिथं 12 एमएमचे आटेवाले रॉड केमिकल अँकरनं, म्हणजे छिद्रात भरायच्या घट्ट होणाऱ्या गोंदानं, बसवले, एक वर एक खाली असे फूटफूटभर अंतरावर. छिद्र 14 एमएमचं, साडेचार इंच खोल. मी बाजूलाच उभा होतो, प्रत्येक छिद्र आधी हवेनं फुंकलं, मग तारेचा ब्रश फिरवला, मग परत फुंकलं, कारण आत भुकटी राहिली की केमिकल भिंतीला धरतच नाही. ट्यूबमधून पहिलं जे निघालं ते पुठ्ठ्यावर काढून फेकलं, रंग एकसारखा आल्यावरच छिद्रात भरलं. उन्हात केमिकल लवकर आवळते म्हणून हे काम सकाळी 7 लाच सुरू करायचा. नट मात्र दुसऱ्या दिवशी कसले, मी घाई करून राहिलो होतो तरी.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे साइटवर वेल्डिंग एकही नाही. थर्माकोल लगेच पेटते, त्यामुळे चॅनेलवरचे क्लीट, म्हणजे बीम जोडायचे लोखंडी तुकडे, त्यानं वर्कशॉपमधेच वेल्ड करून आणले आणि आडवे बीम इथं फक्त नटबोल्टनं जोडले. 2-2 फुटांवर बीम, वर सिमेंटची शीट. आता पोरं उड्या मारतात तरी हलत नाही.

एक स्टार कापला कारण 8 दिवस सांगून 15 लावले, आणि चॅनेलच्या वरखाली राहिलेली फट फोमनं भरली ती एकदम ओबडधोबड, पुट्टीवाल्याला परत तासावी लागली. फोन मात्र दर वेळी उचलला. जिन्याचं रेलिंग पोळ्यानंतर यालाच देतो आहे.