वळवणचे महसीर बीज केंद्र: तंत्र उत्तम, पण बीज कोणत्या नदीसाठी?

लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा पॉवरचे महसीर बीज केंद्र, म्हणजे महसीर या गोड्या पाण्यातल्या मोठ्या माशाची अंडी आणि पिल्ले (बीज) तयार करणारे केंद्र, १९७० च्या दशकापासून चालू आहे. त्याची ओळख बहुधा पाण्यात सोडलेल्या बोटुकल्यांच्या (बोटाएवढ्या पिल्लांच्या) आकड्यांवरून करून दिली जाते. मला मात्र तिथे विकसित झालेले प्रजननाचे तंत्र अधिक मोलाचे वाटते. मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी ते बसवले, तेव्हा महसीरचे कृत्रिम प्रजनन आपल्याकडे जवळजवळ नवखे होते.

पावसाळ्यात पक्व झालेली मादी पकडून तिचे पोट हलक्या हाताने दाबत अंडी कोरड्या भांड्यात घेतात, त्यांवर नराचे वीर्य सोडून पिसाने अलगद ढवळतात आणि मगच पाणी घालतात. पिवळसर, जड अंडी तळाशी बसतात, म्हणून ती ट्रेमध्ये एकाच थरात पसरून वरून स्वच्छ पाणी वाहते ठेवावे लागते. पांढरे पडलेले अंडे वेळीच वेचले नाही, तर बुरशी शेजारच्या अंड्यांनाही धरते. तीन-चार दिवसांत बाहेर पडलेली पिल्ले कोपऱ्यात डोके खुपसून, शेपट्या सारख्या हलवत गोळा होऊन राहतात. या नाजूक काळात ती जगवणे हेच खरे कसब. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर पाठवता येतात, हेही इथल्याच प्रयोगांनी दाखवून दिले, आणि त्यामुळे बीजवाटप फार सोपे झाले.

माझा आक्षेप नेमका या सोपेपणाशी जोडलेला आहे. इथला मुख्य मासा म्हणजे टॉर खुद्री ही महसीरची जात, जिचे वर्णन ब्रिटिश निसर्गअभ्यासक साईक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून केले. त्याचे बीज कावेरीतही सोडले गेले, आणि तिथला मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर पुढे झपाट्याने कमी होत गेला. गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा बाहेरून आलेल्या माशाची संख्या वाढताना आणि मूळ माशाचे प्रमाण घसरताना दिसले. त्या मूळ माशाची टॉर रेमादेवी ही शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली आणि त्याच वर्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी यांचाही त्या नदीला जाच आहेच. तरीही परक्या खोऱ्यात बीज सोडण्याचा हा धडा मला फार गंभीर वाटतो. त्या काळी कावेरीतल्या माशाची वेगळी ओळख पक्की झालेली नव्हती, हे मान्य करूनही.

म्हणून भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातील तलाव आणि नद्यांसाठी या केंद्राच्या बीजाची मी मनापासून शिफारस करतो, मात्र जिथे महसीर टिकून आहे तिथे आधी त्याला संरक्षण द्यावे. महाडजवळ काळ नदीतल्या वाळणकोंडी या डोहात देवाचे मासे म्हणून कोणी महसीर मारत नाही, आणि तिथे ते आजही मोठ्या संख्येने आहेत. बीज मागवणाऱ्याने आपल्या नदीतली मूळ जात ओळखून घ्यावी, बीज कोणत्या प्रजनक माशांपासून तयार झाले हे विचारावे, आणि सोडलेल्या बोटुकल्यांपैकी किती मोठ्या होऊन नदीतच अंडी घालू लागल्या याची नोंद ठेवावी.