क्रिस्टलडिस्कइन्फो : जुन्या पीसीवर पहिलं हेच टाका, पण आकडे वाचायला शिकून

आधीच सांगतो, हे सॉफ्टवेअर काहीही दुरुस्त करत नाही. क्लीन नाही, बूस्ट नाही, एका क्लिकमध्ये पीसी नवा वगैरे काही नाही. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची आतल्या आत जी नोंद ठेवत असते, ज्याला स्मार्ट म्हणतात, ती उघडून दाखवतं, बास. तरीपण पीसी जुना झालाय, हँग होतोय, मधेच बंद पडतोय असं कोणी म्हणालं की मी हेच टाकायला सांगतो, ते रजिस्ट्री क्लीनर आणि ऑप्टिमायझर सगळे काढून.

आमच्या घरचा डेस्कटॉप म्हणजे बाबांचा. सोसायटीचे हिशोब, मेंटेनन्सच्या पावत्या, ताईच्या लग्नाचे फोटो सगळं त्यातच आणि बॅकअप कुठेच नाही (कुणाच्या घरी असतो?). ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरणारी डिस्क. लक्षणं अशी की चालू केला की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, माऊस हलतोय पण क्लिक लागत नाही, मग बराच वेळ सगळं थिजलेलं आणि शेवटी निळा स्क्रीन, कधी 'कर्नल डेटा इनपेज एरर' तर कधी 'अनएक्सपेक्टेड स्टोअर एक्सेप्शन'. कॉम्प्युटरवाल्याचं उत्तर ठरलेलं, "काका, व्हायरस आहे, फॉरमॅट मारून देतो." तो मारूनही झाला होता, थोडे दिवस बरे गेले आणि परत तेच. फॉरमॅटला फारसा अर्थ नव्हता हे या सॉफ्टवेअरने उघडल्या उघडल्या सांगितलं, वर पिवळ्या चौकोनात 'कॉशन'.

हे जपानी डेव्हलपर हियोहियो यांचं, फुकट आणि ओपन सोर्स. इन्स्टॉलरपेक्षा पोर्टेबल झिप घ्या, पेनड्राइव्हवरून चालते आणि कुणाच्याही पीसीवर लावता येते. अ‍ॅनिमे मुलींची चित्रं असलेल्या वेगळ्या एडिशनपण आहेत, शिझुकू वगैरे. बाबांच्या मशीनवर साधीच टाकली, नाहीतर पावती घ्यायला आलेल्या मेंबरांना स्क्रीनवर ते बघून काय वाटलं असतं देव जाणे.

आता मुद्द्याचं. खाली पंधरा-वीस ओळींचं कोष्टक येतं ते बघून घाबरू नका, फिरणाऱ्या डिस्कसाठी फक्त चार ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब झालेले सेक्टर (डिस्कवर डेटा ठेवायचे छोटे छोटे कप्पे) ज्यांच्या जागी डिस्कने राखीव सेक्टर लावले. सी५ म्हणजे वाचता येत नाहीयेत पण अजून निकाल लागलेला नाही असे. सी६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासणी केली त्यात दुरुस्तच झाले नाहीत असे. आणि सी७, ही सगळ्यात मजेदार ओळ, कारण हिचा डिस्कच्या आतल्या प्लेटशी संबंधच नसतो, डिस्क आणि मदरबोर्डमधल्या वायरवर डेटा बिघडला की ती वाढते. म्हणजे सैल झालेली साटा केबल. केबल शंभर-दोनशे रुपयात येते आणि लोक अख्खी डिस्क बदलून बसतात! सी७ चा जुना आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे तो लिहून ठेवायचा, केबल बदलायची आणि पुढे वाढतोय का तेवढं बघायचं.

एक गोष्ट मात्र खटकते. रॉ व्हॅल्यूचे, म्हणजे प्रत्येक ओळीतल्या प्रत्यक्ष मोजणीचे, आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत दिसतात. म्हणजे सी५ समोर १८ दिसतंय ते खरं २४ आहे. फंक्शन मेनूत जाऊन अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज १० डेसिमल करा, नाहीतर सगळा हिशोब चुकतो. सर्वसाधारण माणसासाठी बनवलेल्या गोष्टीत हे मुळातच दशमान ठेवायला काय हरकत होती कळत नाही. तसंच सीगेटच्या बऱ्याच डिस्कवर ०१ आणि ०७ समोर कोटीतले आकडे दिसतात, ते एरर नसतात, त्यांची मोजायची पद्धतच तशी आहे, त्यावरून डिस्क भंगारात काढू नका.

आता खराब सेक्टरमुळे पीसी क्रॅश का होतो, तर रॅम कमी पडली की विंडोज थोडा डेटा डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवतं आणि लागला की परत मागतं. तो नेमका सी५ वाल्या सेक्टरवर पडलेला असेल तर डिस्क परत परत वाचायचा प्रयत्न करत बसते, तेव्हा तुम्हाला पीसी हँग दिसतो, आणि शेवटी मिळालंच नाही की विंडोज हात वर करतं, निळा स्क्रीन. ४ जीबी रॅमवर ब्राउझर उघडा ठेवला की पेजफाइल सारखी वापरात, म्हणून हे रोजचंच होतं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, त्याच्या सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क' नावाने इव्हेंट ७, म्हणजे बॅड ब्लॉक, दिसला की खात्रीच समजा. नुसता कर्नल-पॉवर ४१ असेल तर त्यावरून डिस्कला दोष देऊ नका, त्याचा अर्थ मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं एवढाच, लाइट गेली तरी तो येतो.

लाइटवरून आठवलं. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि घरातल्या यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते. लिहिता लिहिता करंट गेला तर एखादा सेक्टर अर्धवट लिहिला जातो आणि तोही सी५ मध्ये मोजला जातो, पण खराब नसतो, त्यावर नवीन डेटा नीट लिहिला गेला की आकडा खाली येतो. ०५ मात्र उतरत नाही. म्हणून एकदा पिवळं दिसलं की लगेच रडायचं नाही (हे सॉफ्टवेअर ०५, सी५, सी६ पैकी कशातही १ आला तरी पिवळं करतं), आकडा एकाच जागी थांबलाय की वाढतोय ते बघायचं. बाबांच्या डिस्कवर ०५ आणि सी५ दोन्ही वाढत होते.

आणि निळ्या 'गुड' वरही डोळे झाकून विश्वास नको. गुगलने स्वतःच्या डेटा सेंटरमधल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये छापला होता, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर त्यांनी मुख्य मानलेल्या चार स्मार्ट खुणांपैकी एकही आलेली नव्हती. म्हणजे पिवळं दिसलं तर ऐकायचं, निळं दिसलं तरी बॅकअप घ्यायचाच.

पिवळं दिसल्यावर लोक उत्साहाने चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलीच डिस्क तपासायची कमांड, लावतात, तेही स्लॅश आर लावून. थांबा. स्लॅश आर पूर्ण डिस्क सेक्टर सेक्टर वाचतं, १ टीबीला कित्येक तास लागतात आणि मरायला टेकलेल्या डिस्कला एवढं पळवलं तर ती त्यातच जाऊ शकते. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, मग काय ते प्रयोग. डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग लावणं, अशा डिस्कवर अजिबात नको, एसएसडीवर (फिरणारा भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) तर गरजच नाही. विंडोजच चालू होत नसेल तर लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, त्यातल्या 'डिस्क्स' अ‍ॅपमध्ये हीच स्मार्टची माहिती दिसते आणि फाइलीपण तिथूनच कॉपी होतात.

सगळं निळं आहे, चारही ओळी शून्य आहेत आणि तरी निळे स्क्रीन येतायत तर मग डिस्कचा नाद सोडा, रॅम बघा. मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर लावून ठेवा, पण त्याआधी रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरने पुसून परत बसवा, हसू नका, अर्ध्या वेळा तेवढ्यानेच चालतं.

आमच्याकडे शेवटी एसएसडी आली. जुन्या बोर्डवर साटा २ चं, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या पिढीचं पोर्ट, म्हणजे सेकंदाला ३०० एमबीच्या वर जाणारच नाही, पण फिरणाऱ्या डिस्कचा खरा त्रास बारीकसारीक फाइली वाचताना असतो, त्यामुळे फरक जमीनअस्मानाचा. हेच सॉफ्टवेअर एसएसडीची उरलेली तब्येत टक्क्यांमध्ये दाखवतं, ते मात्र कोणालाही कळेल असं आहे.

५ पैकी ४ स्टार, एक हेक्साडेसिमलसाठी कापला. यूएसबी केसमधल्या काही डिस्क यात दिसत नाहीत कारण केसमधली चिप स्मार्ट पुढे पाठवत नाही, तेव्हा जुनी डिस्क तपासायची असेल तर शक्यतो सरळ साटा केबलवर लावूनच बघा.