फोन, कॅमेरा की नुसतं एडिटिंग: साठ-सत्तर हजार घालायचे कुठे?

बजेट साठ-सत्तर हजारांचं आहे. त्यात चांगले फोटो काढणारा एक फोन येतो, नाहीतर किट लेन्ससकट (कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी साधी झूम लेन्स) सुरुवातीचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा येतो, नाहीतर हातातलाच फोन ठेवून एडिटिंग शिकायचं आणि पैसे बँकेत राहू द्यायचे. फोटोंवर पोट नाही, पण घरचे कार्यक्रम, सणवार आणि जमलं तर खाडीवरचे पक्षी नीट टिपावेत असं वाटतं, अशा ठाण्या-नवी मुंबईतल्या माणसासाठी ही तुलना आहे.

दुकानात गेलात की तुमच्यापुढे मेगापिक्सेलचे आकडे ठेवतील. ते राहू द्या. गॅलरी उघडा आणि आपले फोटो नेमके कशामुळे बिघडतात ते बघा. विषय लांब होता, उजेड कमी होता, की विषय हलत होता? यातली एकही अडचण वरचेवर येत नसेल तर कॅमेऱ्याची गरज नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पाडवा, हळद आणि दिवसाउजेडी घडणारं सगळं

पाडव्याच्या सकाळी कौपिनेश्वराची पालखी निघते. तलावपाळीच्या बाजूला लेझीम, ढोल-ताशे, बुलेटवर नऊवारीतल्या बायका. उजेड मुबलक, माणसं हाताच्या अंतरावर. इथे फोन जिंकतो, आणि चांगल्या फरकानं जिंकतो. फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर बसवतो, त्यामुळे वरचं पांढरंफटक आकाशही सावरलं जातं आणि फेट्याखालचा सावळा चेहराही दिसतो. कॅमेऱ्यात एवढंच हवं असेल तर रॉ फाइल (सेन्सरनं टिपलेली कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढून घरी सावल्या उचलत बसावं लागतं. गर्दीत हात उंच करून फोन धरता येतो, समोरचा माणूस बुजत नाही, हा फायदा वेगळाच.

छापायला फोन पुरत नाही, हाही गैरसमज. बहुतेक फोन ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरचे चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचा फोटो देतात, म्हणजे ४००० × ३००० पिक्सेल. उत्तम छपाईचा ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) हिशेब धरला तरी त्यातून १३ × १० इंचाची प्रत निघते. लग्नाच्या अल्बमचं एक पान झालं की.

फोन फसतो तो रंगात. हळदीच्या कार्यक्रमात सगळीकडे पिवळंच पिवळं असतं. फोनला वाटतं दिव्याचाच रंग पिवळा आहे, म्हणून तो सगळा फोटो निळ्याकडे ढकलतो आणि हळद फिक्या बेसनासारखी दिसायला लागते. शिवाय ब्यूटी मोड चालू राहिला असेल तर गव्हाळ-सावळी कातडी गुळगुळीत आणि नको तितकी गोरी होऊन बसते. ब्यूटी मोड बंद करा आणि रंगाचं तापमान एडिटिंगमध्ये थोडं उबदार करा, काम भागतं. यासाठी सत्तर हजार लागत नाहीत.

खाडीवरचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो

ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची जागतिक यादी) गेला. थंडीत आलेले रोहित मेपर्यंत दिसतात. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट जाते. भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि थवे नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळीवर, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला किंवा डीपीएस शाळेजवळच्या तलावावर येऊन उतरतात. म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ बघायची. महागड्या लेन्सपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

आता हिशेब करा. पक्षी ५० मीटरवर आहे आणि उंची धरा एक मीटर. फोनच्या मुख्य, २४ मिमीच्या कॅमेऱ्यातून (मिमीचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) त्या अंतरावर फ्रेमची रुंदी ७५ मीटर होते. ४००० पिक्सेलच्या फोटोत पक्ष्याच्या वाट्याला येतात जेमतेम ५३ पिक्सेल. वर ओढून मोठा केला की गुलाबी डाग. पाचपट झूमची, म्हणजे १२० मिमीची वेगळी लेन्स असलेला महागडा फोन असेल तर फ्रेम १५ मीटरची होते आणि पक्षी २६० पिक्सेलच्या पुढे जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर चालून जातो, पण चोचीचा बाक दिसत नाही. छोटा रोहित की मोठा, यावर ग्रुपमध्ये वाद होणारच. एपीएस-सी सेन्सरच्या (सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतो त्या आकाराच्या) कॅमेऱ्याला २५० मिमीची लेन्स लावली की ती ३७५ मिमीसारखी काम करते, फ्रेम पाच मीटरच्या आत येते आणि पक्ष्याला हजाराहून जास्त पिक्सेल मिळतात. पिसांच्या कडा मोजता येतात.

लांबच्या विषयात फोन आणि कॅमेरा यांची बरोबरीच होत नाही. फोन कंपन्या ‘शंभरपट झूम’ म्हणतात, त्यातला बहुतेक भाग कापून मोठा केलेला असतो, आणि हल्ली तर सॉफ्टवेअर स्वतःच्या मनानं पिसं रंगवतं. मला ते फोटो बघवत नाहीत, पण ही आवड झाली.

दोन गोष्टी मात्र कॅमेराही सोडवत नाही. दुपारी चिखलावरून गरम हवा वर चढते तेव्हा कुठल्याही लेन्समधून पक्षी थरथरलेला दिसतो, म्हणून सकाळीच जा. आणि बोटीवर ट्रायपॉड न्यायचा नाही. बोट हलते तसा तोही हलतो. शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा.

घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीतली फुलपाखरं हा उलटा मामला आहे. तिथे अंतर नाही, छोट्या सेन्सरमुळे फोनमध्ये पंखाचा जास्त भाग फोकसमध्ये राहतो. फोन पुरे.

शाळेचं गॅदरिंग

ठाण्यात गडकरी रंगायतन किंवा घाणेकर, वाशीत भावे नाट्यगृह. लेकीचा नाच, तुम्ही दहाव्या रांगेत. इथे अंतर, अंधार, हालचाल या तिन्ही अडचणी एकदम येतात, आणि कॅमेरा घ्यायचं बहुतेक आईबापांच्या डोक्यात इथेच येतं.

पण किट लेन्सवाला नवा कॅमेरा घेऊन गेलात तर निराशा होण्याची शक्यता दांडगी. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमीचा, महाग फोनचा मुख्य सेन्सर साधारण ९.८ × ७.३ मिमीचा. म्हणजे कॅमेऱ्याकडे पाचपट जागा. मात्र फोनची लेन्स एफ १.८ची असते (एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचं माप) आणि किट लेन्स झूम न करताही एफ ३.५ ते ४.५ची. एफचा आकडा वाढतो तसा उजेड त्याच्या वर्गानं घटतो, म्हणजे इथे चौपट ते सहापट कमी. सेन्सरनं कमावलं ते लेन्सनं घालवलं. रुंद फ्रेमसाठी दोन्हींना मिळणारा उजेड जवळजवळ सारखाच, आणि फोन वर अनेक फ्रेम जोडतो. समोर फोन धरलेल्या शेजाऱ्याचा फोटो तुमच्यापेक्षा स्वच्छ येतो आणि घरी ‘एवढे पैसे घातले ते कशाला?’ हे ऐकावं लागतं.

चित्र पालटतं ते ५० मिमी एफ १.८ची लेन्स लावल्यावर. किट लेन्स ५० मिमीच्या आसपास एफ ५.६ किंवा ६.३वर येते, त्यामानानं ही छोटी लेन्स दसपट ते बारापट उजेड आत घेते. झूम नाही, पण दहाव्या रांगेतून मुलगी फ्रेमच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी दिसते आणि २४ मेगापिक्सेलमधून पुढे कापायला भरपूर वाव राहतो. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० आणि शटरचा वेग १/२५० सेकंद. गिरकी घेतानाही चेहरा जागेवर राहतो. फोनचा नाइट मोड इथे उपयोगाचा नाही. तो फ्रेम गोळा करत बसतो, तोवर हात कुठल्या कुठे गेलेला असतो.

कॅमेरा नसेल तर फोनवर एवढं करा: चेहऱ्यावर बोट टेकवा, बाजूला सूर्याची खूण येते ती खाली ओढा. मागचा काळा पडदा बघून फोन सगळंच उजळवतो आणि चेहरा पांढरा पडतो. अंधारलेला फोटो घरी उजळता येतो, पांढरा पडलेला चेहरा परत आणता येत नाही. स्टेजचे गडद निळे-जांभळे एलईडी चेहऱ्यावर आले असतील तेव्हा तर क्लिकच करू नका, पिवळसर दिवा येईपर्यंत थांबा.

एडिटिंग काय करतं, काय करत नाही

उजेड, रंग, वाकडी क्षितिजं, फ्रेममध्ये घुसलेला कुणाचा तरी कोपर हे सगळं एडिटिंगनं सुटतं. हललेला फोटो आणि लांबचा पक्षी यांचं मात्र काही होत नाही.

स्नॅपसीड फुकट आहे आणि नव्वद टक्के लोकांना तेवढंच पुरतं. उदाहरणार्थ गॅलरीत उभारलेली गुढी, मागे उजळलेलं आकाश, समोरच्या टॉवरच्या भिंती आत झुकलेल्या, गुढीशेजारी आजी आणि तिचा चेहरा काळवंडलेला. आधी पर्स्पेक्टिव्हमध्ये टॉवर सरळ करायचे, मग कापायचं. त्यानंतर सिलेक्टिव्ह: आजीच्या गालावर एक बिंदू ठेवायचा, दोन बोटांनी घेर चेहऱ्यापुरता आवळायचा आणि बोट आडवं सरकवून फक्त तेवढाच भाग उजळायचा. तांब्यावर दुसरा बिंदू ठेवून तिथली चमक थोडी उतरवायची. बोट उभं सरकवलं की उजेड, कॉन्ट्रास्ट, रंग यातलं काय बदलायचं ते निवडता येतं. धार (शार्पनिंग) शेवटी, आणि कमीच. इतक्या सुधारणेसाठी लोक नवा फोन घेतात!

लाइटरूमचा मोबाइल अवतार जास्त नेमका आहे, रॉ फोटो काढणारा कॅमेराही त्यातच मिळतो. पण काही कामाची हत्यारं पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. कॉम्प्युटरवर दर महिन्याचं भाडं नको असेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही फुकट आहेत, ताकदही भरपूर. डार्कटेबल मात्र पहिल्या दिवशी डोकं फिरवतं.

जेपेग (नेहमीची फोटो फाइल) आणि रॉ यातला फरक इथे जाणवतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. ट्यूबलाइटचा हिरवटपणा काढताना किंवा सावली उचलताना जेपेग लवकर फाटतं. पण ज्याला फोटो काढल्यावर दहा मिनिटांत फॅमिली ग्रुपवर टाकायचा आहे, त्यानं रॉच्या नादी लागू नये. आणि टाकताना व्हॉट्सअ‍ॅपमध्ये डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर केलेली मेहनत तिथेच दाबली जाते.

कॅमेऱ्याचा न दिसणारा खर्च

२४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ एमबीची. गणपतीत ८०० फोटो काढले तर २० जीबी. घरचा जुना लॅपटॉप कुरकुरतो, मग हार्ड डिस्क, मग दुसरी बॅटरी, बॅग. त्यातून आपली हवा. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकाठच्या घरांत ओल कायमच, आणि कपाटात कातडी बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की समजा. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून लेन्स त्यात ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवी, म्हणून छोटा हायग्रोमीटर आत टाका. सिलिका जेल रंग बदललं की गरम करून पुन्हा वापरता येतं. फोनला यातलं काहीही लागत नाही, हे तुलनेत धरायलाच हवं.

माझं मत

घर, सण, प्रवास, घरगुती फराळाच्या ऑर्डरींचे फोटो: फोन दोन-तीन वर्षांचा असला तरी तोच ठेवा, स्नॅपसीड शिका. फोन बदलायची वेळ आलीच असेल तर मेगापिक्सेल न बघता खरी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स आहे का ते बघा.

गॅदरिंग, नाच, नाटक: सुरुवातीचा एपीएस-सी कॅमेरा आणि ५० मिमी एफ १.८. पैसे कमी पडत असतील तर बॉडी स्वस्त घ्या, लेन्सवर काटछाट करू नका.

पक्षी: नव्या मिररलेसच्या मागे न लागता वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला आधीच्या पद्धतीचा कॅमेरा) बघा. निकॉन डी ५६०० आणि त्याची एएफ-पी ७०-३०० मिमी, किंवा कॅनन २०० डी आणि ५५-२५० एसटीएम. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. डीएसएलआरची नवी मॉडेल्स येणं जवळपास थांबलंय, म्हणूनच जुने परवडतात. फोर्टात कॅमेऱ्यांच्या दुकानांत जाल तेव्हा जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी लेखी घ्या. ‘बिलाशिवाय’ मिळणारी सवलत पहिल्या दुरुस्तीत निघून जाते. वापरलेली लेन्स घेताना दोन्ही टोपणं काढा, फोनचा टॉर्च मागच्या बाजूनं आत मारा आणि पुढून तिरकं बघा. धूळ चालते, तंतू चालत नाहीत. बॉडीचा शटर काउंट (आतापर्यंत किती क्लिक झाले तो आकडा) विचारा.

अजूनही ठरत नसेल तर गॅदरिंगच्या किंवा ऐरोलीच्या बोटीच्या दिवसापुरती लेन्स आणि बॉडी भाड्यानं घ्या. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. शनिवारी संध्याकाळी घेऊन सोमवारी सकाळी परत दिली तर एकाच दिवसाचं भाडं लावतात का, तेवढं आधी विचारून ठेवा.